तीन नावांचा दांडा

मंगरूचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत यंत्रात गेला, तेव्हा श्यामकांत तगारे दहा पावलांवर उभा होता. किंकाळी त्याला ऐकू आली नाही. कलकत्त्याजवळच्या बजबजच्या त्या ताग गिरणीत कार्डिंग खात्याचा, म्हणजे ताग विंचरायच्या खात्याचा, गोंगाटच असा, की माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला तरी नुसतं तोंड उघडलेलं दिसे. श्यामकांतला दिसलं ते तेवढंच. उघडं तोंड, ताठ झालेली मान, आणि रुळांमधून आत ओढला जाणारा पिवळा ताग, जो पलीकडून लाल होऊन बाहेर पडत होता.

जोगेसर मिस्त्रीने पहारीच्या एका तडाख्यात पट्टा पुलीवरून उडवला. यंत्र घरघरत थांबलं, पण हात सुटेना. रुळांना बोटभर लांबीचे पोलादी काटे होते. हात सोडवायचा तर रूळ हाताने उलटे फिरवायचे, म्हणजे त्याच मांसातून त्याच काट्यांना परत आणायचं. श्यामकांतने चाक धरलं. मंगरू त्याच्याकडेच बघत होता.

"फिरवा साहेब," जोगेसर त्याच्या कानात ओरडला. "अर्ध्यात थांबू नका. थांबलात तर जास्त हाल."

श्यामकांतने फिरवलं. जे बाहेर आलं त्याला हात म्हणवत नव्हतं.

मंगरू तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारला. दोन वर्षांतला तो पाचवा हात आणि दुसरा जीव. एकोणीसशे एकोणसत्तरच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट.

श्यामकांत त्या गिरणीत यंत्रांच्या देखभालीचा इंजिनीयर होता. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. श्यामकांतचा जन्म भवानीपूरचा, शाळा बंगाली, मराठी घरापुरती. त्याची दहा वर्षांची वृंदा तर "बाबा, मी पाणी खाल्लं" असं बंगाली वळणाचं मराठी बोलायची, आणि कालिंदी, त्याची बायको, तिला रोज दुरुस्त करायची. अपघाताच्या संध्याकाळी मात्र कालिंदीने कोणालाच दुरुस्त केलं नाही. नवऱ्याच्या नखांत सुकलेलं रक्त तिने पाहिलं आणि मुकाट्याने पाणी तापवायला ठेवलं. श्यामकांत हात धुऊन जो टेबलाशी बसला तो जेवायलासुद्धा उठला नाही. वृंदाच्या वहीचे चार कागद फाडून त्याने त्यांवर रेघा मारल्या.

कल्पना साधी होती. माणूस ताग सारतो त्या फळीच्या पुढे, रुळांच्या वीतभर अलीकडे, एक आडवा लोखंडी दांडा. हात त्याच्या खाली सरकला की मनगटाचा धक्का दांड्याला लागणार, आणि धक्का लागताच दांडा पडून रुळांना फिरवणारा दातेरी जोड सुटणार. यंत्राच्या पोटातलं मोठं पिंप फिरत राहीना का. आत ओढणारे रूळ तर जागच्या जागी थांबतील. जोगेसरने कागद उलटसुलट करून पाहिला. तो आरा जिल्ह्यातला, पन्नाशीचा, तीस वर्षं याच गिरणीत. अक्षरओळख नसली तरी लोखंड त्याला वाचता यायचं.

"होईल," तो म्हणाला. "पण भंगारातून करू. नवीन सामान मागितलंत तर सही व्हायला पुढची दिवाळी उजाडेल."

दोघांनी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत राबून चार दांडे बनवले आणि तिसऱ्या रांगेतल्या चार यंत्रांवर बसवले. जानेवारीत फुलमतिया नावाच्या बाईचा पदर तागाबरोबर आत गेला आणि पदरामागून तिचा हात. दांडा हलला, रूळ थांबले. पदर फाटला, अंगठ्याचं कातडं सोललं, बस. फुलमतिया जमिनीवर बसून रडली आणि जोगेसर शेजारी उभा राहून हसत होता. श्यामकांतने त्याला इतकं मोकळं हसताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दोघांना वाटलं, झालं, आता सांगायचं काय उरलं? वस्तू स्वतःच बोलते आहे.

वस्तू बोलत नव्हती. तिच्याबद्दल बोलणारे दुसरेच होते, आणि ते आपापल्या घोळक्यात बोलत होते.

मॅनेजर लाहिरी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. श्यामकांत दांड्याला नुसता 'आड' म्हणायचा. लाहिरींनी अहवालात त्याचं नाव 'उत्पादन-बार' घातलं.

"तगारे, तुम्हाला कळलंय का तुम्ही काय केलंत?" ते खुशीत येऊन म्हणाले. "आजवर एका माणसाला एक यंत्र का? तर नजर हलली की हात जातो म्हणून. आता नजर हलली तरी बिघडत नाही. म्हणजे एक माणूस, दोन यंत्रं."

"साहेब, मी ते त्यासाठी केलं नव्हतं."

"कशासाठी केलं ते कोण विचारतंय? त्यातून काय करता येईल, ते बघा."

टेबलाभोवतीचे पाचही जण हसले. अहवालाच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती : यंत्रामागे मनुष्यबळाचा फेरविचार शक्य. श्यामकांतने ती वाचली. पेन हातात धरून तो क्षणभर थांबला. सही केली नाही तर उरलेल्या चव्वेचाळीस यंत्रांना आड मिळणार नव्हते, असं त्याने स्वतःला समजावलं आणि खाली सही ठोकली.

खात्यातल्या मुकादमांनी आणखी तिसराच अर्थ लावला. त्यांच्या मते ही आळशांची सोय होती : कंटाळा आला की मनगट टेकवायचं आणि यंत्र थांबवून विडी ओढायची. दांडा पडला की ते कामगाराच्या नावाची चिठ्ठी फाडू लागले. आठवड्यात तीन चिठ्ठ्या म्हणजे एक दिवस बिनपगारी घरी. मग कामगार दांड्याला घाबरू लागले. हात सांभाळायचा की दांडा सांभाळायचा, हे त्यांना कळेना. कुणीतरी त्याला हथकडी म्हणालं. संध्याकाळपर्यंत दोन हजार माणसं त्याला हथकडीच म्हणत होती.

मार्चच्या सुरुवातीला युनियनचा निरापद मंडल श्यामकांतला गिरणीबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. निरापद स्वतः त्याच खात्यात वीस वर्षं उभा राहिलेला, सडपातळ, थंड डोक्याचा माणूस.

"तगारेबाबू, एकच विचारतो. कागदावर दोन यंत्रांची गोष्ट आहे की नाही?"

"निरापदबाबू, फुलमतियाचा हात वाचला. तुम्ही स्वतः पाहिलात."

"पाहिला. मी हाताचं विचारत नाहीये, कागदाचं विचारतोय."

"दांडा वेगळा आणि कागद वेगळा."

"तुमच्यासाठी असेल," निरापद म्हणाला. "आम्हाला दोन्ही एकाच दारातून येताना दिसतात." त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही हो म्हणाला असता, तर मी तुमच्या बाजूने काही बोलू शकलो असतो. आता माझ्या मागे दुसरी युनियन लागली आहे. ती पोरं माझ्यासारखी चहाला बोलवत नाहीत."

ती पोरं काय करतात ते चार दिवसांनी कळलं. कामगारांच्या चाळीकडे जाणाऱ्या गल्लीत, भर दुपारी, सातआठ जणांनी जोगेसरला गाठलं. मालकाचा दलाल म्हणून त्याला सायकलच्या साखळीने मारलं. दोन दात पाडले. एकाने त्याची बोटं दगडावर ठेवली आणि विटेने ठेचली. श्यामकांत भेटायला गेला तेव्हा तो बाजेवर पडून होता, डाव्या हाताला पांढऱ्या पट्ट्यांची मोट बांधलेली.

"दांडे काढून टाकू या," श्यामकांत म्हणाला.

"मारणाऱ्यांत मंगरूचा भाऊ होता, साहेब. रामबली. मंगरूच्या जागी त्यालाच घेतलाय ना." सुजलेल्या ओठांमुळे जोगेसरचे शब्द तुटत होते. "तो म्हणत होता, माझ्या भावाचा हात खाऊन तुम्ही दुसऱ्या माणसाची भाकरी खायचं यंत्र काढलंत. मी त्याला सांगायला गेलो. तो ऐकेना. तुम्ही दांडे काढू नका. काढलेत तर तो म्हणतो तेच खरं होईल."

त्याच आठवड्यात राज्यातलं कामगारांच्या बाजूचं सरकार पडलं. लाहिरींना जोर चढला. त्यांनी फाटकावर नोटीस लावली : एक एप्रिलपासून तिसऱ्या रांगेत एका माणसाकडे दोन यंत्रं. श्यामकांत केबिनमध्ये जाऊन भांडला. असं आयुष्यात प्रथमच भांडला. लाहिरींनी अहवाल उघडून त्याच्याच सहीवर बोट ठेवलं.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या भोंग्याला खात्यात एकही यंत्र सुरू झालं नाही. श्यामकांत खात्यात आला आणि त्याच्या मागे दार बंद झालं. चारशे तरी माणसं असतील. लाहिरींनी मागच्या दाराने गाडी काढली होती, हे त्याला नंतर समजलं. सकाळपासून दुपारपर्यंत लोकांनी त्याला तिसऱ्या रांगेत उभा ठेवला. पाणी नाही, बसणं नाही. तागाची धूळ घशात गच्च बसली. कुणी थुंकलं, कुणी मागून लाथ घातली. तो पडला की उभा करत. निरापद दोनदा बोलायला एका खोक्यावर चढला आणि दोन्ही वेळा त्याच्याच माणसांनी त्याला खाली ओढला.

मग रामबली पुढे आला. विशीतला, मंगरूसारखाच रुंद कपाळाचा.

"हथकडी आमच्या हातासाठी आहे म्हणतोस ना?" तो म्हणाला. "मग तुझा हात घाल."

गर्दीला ते पटलं. चारशे गळ्यांतून एकच आवाज निघाला : घाल! घाल! कुणीतरी पट्टा चढवला. यंत्र धडधडू लागलं. श्यामकांतने रुळांकडे पाहिलं आणि त्याला चाक आठवलं, काट्यांमधून परत येणारं मांस आठवलं. तरी मनात कुठेतरी त्याला बरंही वाटलं. पुरावा मागताहेत तर देऊ. एकदा डोळ्यांनी बघितल्यावर कोण काय म्हणणार?

त्याने शर्टाची बाही वर केली, तागाचा पुंजका उचलला आणि त्याच्यासकट हात पुढे सारला. ताग रुळांनी पकडला, खेचला. काटे बोटांच्या टोकांना लागले. दांडा खाली गेला. खट्.

रूळ थांबले.

श्यामकांतने हात बाहेर काढून उंच धरला. दोन बोटांतून रक्त गळत होतं, पण पाचही जागेवर होती. खात्यात क्षणभर फक्त पिंपाची घरघर होती.

"साहेबासाठी थांबलं," मागून एक आवाज आला.

"त्याने बनवलंय. त्याचा हात ते ओळखणारच."

"आमचे हात घालून बघ!"

श्यामकांतने निरापदकडे पाहिलं. निरापदला सगळं दिसलं होतं, समजलंही होतं. त्याचे ओठ हलले. पण त्या क्षणी खरं काय ते बोलला असता तर तोच पुढचा दलाल ठरला असता. त्याने मान खाली घातली.

मग घण आले. पहिला घाव दांड्यावर पडला, दुसरा रुळांवर, आणि मग काय फोडतोय याचं भान कुणाला राहिलं नाही. ओतीव लोखंडाचे तुकडे गोळ्यांसारखे उडत होते. एका म्हाताऱ्याच्या गालात तुकडा घुसला आणि तो गाल धरून तसाच ओरडत राहिला, "तोडा, तोडा!" श्यामकांतच्या बरगड्यांत लोखंडी नळी बसली. तो कोसळला, आणि पायांच्या जंगलातून त्याला दिसलं की बाजूच्या छोट्या दारातून जोगेसर आत घुसलाय. हाताची मोट छातीशी धरून तो चौथ्या यंत्रापुढे, शेवटच्या शाबूत दांड्यापुढे, जाऊन उभा राहिला.

"रामबली, ऐक बेटा," तो म्हणत होता. "तुझ्या भावाला मी बाहेर काढलाय. हे माझ्या हातांनी..."

रामबलीने घण फिरवला. त्याला यंत्र मारायचं होतं की माणूस, हे श्यामकांतला पुढे कितीदा आठवूनही ठरवता आलं नाही. घण जोगेसरच्या कानशिलावर बसला. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. जोगेसर बसल्यासारखा खाली आला, पाठ यंत्राला टेकून, डोळे उघडेच. रामबलीने घण टाकला, खाली वाकून त्याचे खांदे धरले आणि "चाचा, चाचा" असं बडबडत त्याला हलवू लागला. तेवढ्यात पोलिसांनी दार फोडलं आणि लाठ्या सुरू झाल्या. समोर येईल त्याचं डोकं फुटत होतं. फुलमतियाही त्यात सापडली.

गिरणीला टाळं लागलं. श्यामकांतच्या तीन बरगड्या आणि उजवं मनगट मोडलं होतं. पंधरा दिवस तो भवानीपूरच्या घरी छताकडे बघत पडून राहिला. वृंदाला त्याच्या खोलीत जायची भीती वाटायची. एका दुपारी कालिंदी त्याला भात भरवत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"एक विचारू? त्या कागदावर सही तुमची होती ना?"

"होती."

"ती ओळ वाचून केलीत?"

"वाचून." तो म्हणाला, "मला वाटलं, दांडा महत्त्वाचा. कागदाचं काय, कागद येतात आणि जातात."

"अहो, ती माणसं दांडा कुठे बघत होती? ती तुम्हा सगळ्यांना बघत होती," कालिंदी म्हणाली. "तुम्ही पाचसहा जण एका टेबलाशी बसून हसता, ते खिडकीतून दिसतं. जोगेसर त्या टेबलाशी कधी बसला होता का?"

तिने पुढचा घास श्यामकांतच्या तोंडाजवळ नेला आणि त्याने तोंड उघडलं नाही.

मे महिन्यात अलीपूरच्या कचेरीत ओळख पटवायला त्याला बोलावलं. ओळीत उभ्या असलेल्या आठ माणसांत रामबली चौथा होता. केस कापलेले, एक डोळा सुजून बंद. श्यामकांत त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याच्या मनात येऊन गेलं की आपण नाही म्हटलं तर इथे कुणाचंच काही बिघडत नाही. मग त्याला यंत्राला टेकून बसलेला जोगेसर दिसला.

"हा," तो म्हणाला.

रामबलीने मान हलवली, जणू त्याचंही तेच मत होतं.

जबानी देताना श्यामकांतने सगळं सांगितलं. अहवालाचं, आपल्या सहीचं, चिठ्ठ्यांचं, फाटकावरच्या नोटिशीचं. लिहून घेणारा अधिकारी दोनदा म्हणाला, की या सगळ्याचा खुनाशी संबंध नाही.

"संबंध आहे. लिहा," श्यामकांत म्हणाला. अधिकाऱ्याने अर्धंच लिहिलं. पण आठवड्याभरात ही गोष्ट गिरणीच्या ऑफिसात पोचली आणि श्यामकांतला घरी पत्र आलं. तेरा वर्षांची नोकरी चार ओळींत संपली होती. हावड्याच्या एका लहानशा ओतकाम कारखान्यात त्याला निम्म्या पगारावर काम मिळालं. जोगेसरच्या बायकोला आऱ्याला दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

ऑगस्टात साक्षीसाठी तो पुन्हा अलीपूरला गेला. व्हरांड्यात निरापद बसला होता. श्यामकांत त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"टाळं उघडतंय," निरापद म्हणाला. "सोमवारपासून. मागण्यांचा करार झाला. सातवं कलम मी घातलंय. सगळ्या यंत्रांवर दांडा, एका माणसाला एकच यंत्र, आणि दांडा पडला तर चिठ्ठी नाही. लाहिरी दोन दिवस अडून बसला. मी म्हटलं, दांडा नाही तर भोंगा नाही."

"आणि तुमची माणसं?"

"माणसं म्हणतात, दांडा आपण लढून मिळवला." निरापदने नजर वळवली. "त्या दिवशी मी खोक्यावर तिसऱ्यांदा चढायला हवं होतं, तगारेबाबू."

"मी चहाच्या टपरीवर हो म्हणायला हवं होतं."

आत कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. श्यामकांत थोडा पुढे सरकला.

"दांडे कोण बनवणार आहे?"

"बाहेरून येणार आहेत. जुन्या नकाशावरून."

"जुन्या नकाशावरून नको. त्यातली स्प्रिंग मऊ आहे. सहा महिन्यांत सैल होईल आणि मग दांडा पडेल पण जोड सुटणार नाही. ते भलतंच होईल, कारण माणूस दांड्याच्या भरवशावर हात सारेल." त्याने खिशातून कोर्टाचं समन्स काढलं, उलटं केलं आणि मांडीवर ठेवून रेघा मारू लागला. मोडून सांधलेलं मनगट अजून नीट वळत नव्हतं. कागद निरापदने दोन्ही हातांनी धरून ठेवला. "तार इतकी जाड घ्या. वेढे नऊ. आणि महिन्यातून एकदा तुमच्याच माणसाने तपासायची, मुकादमाने नाही."

"हे जुन्या नकाशात का नाही?"

"मला माहीतच नव्हतं. मार खाऊन पडला होता तेव्हा जोगेसरने सांगितलं. म्हणाला, बरा झालो की बदलू."

निरापदने कागदावरचे आकडे एकदा मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. मग शिपायाने श्यामकांतचं नाव पुकारलं, आणि तो साक्ष द्यायला आत गेला.